मान मोडून काम करण्याची सोपी पद्धत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव उभं राहतं. पात्रात रोवलेल्या पळसावरच्या झेंड्यासाठी दोन्हीकडून दगड सुटतात; हीच गोटमार. त्या दिवशी पोलीस असतात, डॉक्टर असतात, अँब्युलन्स रांगेने उभ्या असतात. वर्षाचे बाकीचे दिवस याच गावांतली पोरं लॅपटॉप पोटावर घेऊन दिवाणावर पडलेली असतात आणि तिथे साधा कंपाउंडरही फिरकत नाही. ही उणीव ध्यानात घेऊन पांढुर्णा आणि सौंसर तालुक्यांतल्या होतकरू मंडळींसाठी पुढील मार्गदर्शन तयार केलं आहे. पायऱ्या क्रमाने चढाव्यात. उतरता येईलच अशी हमी नाही.

पायरी १ : खरेदी

मध्य प्रदेश बोर्डाच्या बारावीत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त मिळवा. सरकार लॅपटॉपसाठी २५,००० रुपये खात्यात टाकतं. या रकमेतला एकही रुपया टेबल, खुर्ची असल्या चैनीवर उधळू नका. उलट वडिलांना गाठा, संत्र्याच्या मृग बहाराचे पैसे आले असतील तर त्यातले पाच-सात हजार वर घाला आणि सगळ्यात मोठ्या पडद्याचा लॅपटॉप उचला. दुकानात रॅम किती, एसएसडी किती, गेम कोणता चालतो, एवढंच विचारावं. 'मी हा घेऊन बसणार कुठे?' असं विचारलंत तर दुकानदार गोंधळतो. आजवर कुणी विचारलेलं नसतं.

घरी आल्यावर हळदीकुंकू लावा, नारळ फोडा. पडद्यावरचा पातळ प्लास्टिकचा कागद काढू नका. त्यावर ट्यूबलाइट छान चमकते आणि डोळे बारीक करायची सवय पहिल्या दिवसापासून लागते.

पायरी २ : यंत्राचे उपकार ओळखा

जुन्या कॉम्प्युटरमध्ये पडदा वेगळा आणि कीबोर्ड वेगळा असायचा. माणूस पडदा वर ठेवायचा, कीबोर्ड खाली घ्यायचा. मान मोडायला वर्षं लागायची. लॅपटॉप बनवणाऱ्यांनी दोन्ही बिजागरीने एकमेकांना जखडून टाकले आणि प्रश्न सोडवला. पडदा डोळ्यांच्या उंचीला आणाल तर हात खांद्यापर्यंत टांगावे लागतात. कोपर काटकोनात ठेवाल तर पडदा पोटाशी जातो आणि मान खाली लोंबते. दोन्ही गोष्टी एका वेळी नीट बसवायची सोय या यंत्रात ठेवलेलीच नाही. दोनपैकी कोणता अवयव द्यायचा, एवढं स्वातंत्र्य मात्र तुम्हाला आहे. बहुतेक जण मान देतात. आमचीही शिफारस तीच.

पायरी ३ : आसनसिद्धी

हा या शास्त्राचा गाभा. इथे घाई नको.

दिवाणावर भिंतीला पाठ टेकवून मांडी घाला. लॅपटॉप मांडीवर. सुरुवातीला तुम्ही ताठ असाल; काळजी करू नका, हे फार वेळ टिकत नाही. थोड्या वेळाने कंबर आणि भिंत यांच्यात एक पोकळी तयार होते. तिथे उशी घालायचा मोह होईल, तो आवरा. पोकळी आणखी मोठी होऊ द्या. पाय लांब करा. आता पाठ भिंतीवरून हळूहळू खाली घसरू लागेल. शर्ट मागून वर सरकेल, कॉलर कानाला लागेल. शेवटी फक्त डोकं भिंतीला टेकलेलं, हनुवटी छातीला लागलेली, लॅपटॉप पोटावर आणि श्वासाबरोबर पडदा वरखाली होतो आहे, अशी अवस्था येते. याला सिद्धी म्हणावं. या अवस्थेत घरातलं कुणी 'बाबू, जेवून घे ना रे' म्हणालं तर मान न हलवता फक्त डोळे फिरवून 'मीटिंग चालू आहे' असं सांगता आलं पाहिजे.

डोक्याचं वजन साधारण पाच किलो. मान सरळ असेल तर मणक्यांवर तेवढाच भार येतो. २०१४ साली न्यूयॉर्कचे मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी गणित मांडून दाखवलं की मान ६० अंश पुढे झुकली की हाच भार २७ किलोंपर्यंत जातो. गणित त्यांनी कॉम्प्युटरवर प्रतिमान करून मांडलं. ते करताना त्यांची स्वतःची मान किती अंशांत होती, हे शोधनिबंधात आलेलं नाही. आपल्याकडे संत्र्यांचं भरलं कॅरेट साधारण यापेक्षा हलकंच भरतं, आणि ते उचलणारा हमाल मजुरी मागतो. तुम्ही मागू नका.

सौंसरजवळ जामसावळीला मारुतीराया निद्रिस्त मुद्रेत आहेत. आडवं पडून काम करणारे काही जण त्यांचा दाखला देतात. दाखला चुकीचा आहे. द्रोणागिरी उचलून आणल्यावर आडवं व्हायचा अधिकार त्यांचा आहे, आणि त्यांच्या पोटावर एक्सेलची फाइल उघडलेली नाही.

पायरी ४ : ऊब

लॅपटॉपला श्वास घेण्यासाठी बहुधा खालच्या बाजूला जाळी असते. ती गोधडीने, दुलईने किंवा स्वतःच्या मांडीने घट्ट बंद करा. आतला पंखा घरघरू लागला की समजा बेत जमला.

२०१० साली स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी बारा वर्षांच्या एका मुलाची नोंद छापली. महिनोन्महिने रोज काही तास लॅपटॉप मांडीवर घेऊन तो गेम खेळायचा. डाव्या मांडीवर जाळीदार तपकिरी डाग उमटले. सौम्य उष्णता कातडीला रोज लागत राहिली की असे डाग पडतात. काश्मीरमध्ये फिरनच्या आत कांगडी धरून बसणाऱ्यांच्या अंगावर डॉक्टर ते पूर्वीपासून पाहत आले आहेत. म्हणजे काश्मीरला न जाता, कोळसा न पेटवता, पांढुर्ण्यात बसल्या बसल्या ही नक्षी मिळते.

लग्नाळू मुलांसाठी एक पुरवणी. २००५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या डॉक्टरांनी २९ तरुणांना पाय जुळवून, मांडीवर चालू लॅपटॉप देऊन एक तास बसवलं. निसर्गाने ज्या भागाला शरीराबाहेर टांगून मुद्दाम थंड ठेवलं आहे, तिथलं तापमान अडीच अंशांहून जास्त वाढलं. स्थळ पाहायला आलेली मंडळी पगार विचारतात, शेती किती ते विचारतात. हे विचारत नाहीत.

घरातल्या आजीला या विषयातलं सगळ्यात जास्त कळतं, पण तिचं कोण ऐकतं? 'दिवसभर मांडीवर घेऊन बसून राह्यते. लेकराले बी एवढं कोणी घेत नाही बाप्पा,' असं ती दारातून म्हणते. होकारार्थी हुंकार द्या आणि टाइप करत राहा.

पायरी ५ : मे महिना

बहुतेक कंपन्या आपला लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात एवढं तापमान न्याहारीच्या सुमारास होऊन जातं. यावर स्थानिक बुद्धीने काढलेला उपाय म्हणजे लॅपटॉप थेट कूलरच्या तोंडाशी ठेवणे. टाकीत पाणी काठोकाठ भरा, म्हणजे हवेबरोबर तुषारही येतात. कीबोर्डवर बारीक दव जमेल ते बनियनने पुसा. वाळ्याच्या सुवासात काम करण्याचं भाग्य बंगळुरूच्या काचेच्या इमारतीत बसणाऱ्याला लाभत नाही. लॅपटॉप बिघडून दुरुस्तीला गेलाच तर मेकॅनिक आत पाणी गेल्याचं सांगेल. तुम्ही 'पाणी तर लावलंच नाही' असं ठामपणे म्हणा. तेही खरंच आहे.

बॅटरी फुगू लागली, ट्रॅकपॅड वर उचलला गेला, झाकण नीट मिटेना, तर वरून जाड पुस्तक ठेवून दाबायची पद्धत आहे. ही पायरी मात्र वगळा. फुगलेली लिथियमची बॅटरी दाबली किंवा टोचली तर पेटते, आणि मान मोडण्याचा कार्यक्रम अर्धवट राहतो.

पायरी ६ : करंट

चार्जरला तीन पिनांचा प्लग असतो आणि भिंतीत दोन भोकांचं सॉकेट. तिसरी पिन पक्कडीने मोडा. मोडवत नसेल तर चौकातल्या दुकानातून दोन पिनांचा जोड आणा. आता चार्जिंग सुरू असताना लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून मनगट हलकेच फिरवा. गुदगुल्या होतील. चार्जरमधून गळणाऱ्या अगदी थोड्या विजेला जमिनीत जायची वाट हवी असते. ती वाट म्हणजे मोडलेली पिन. वाट बंद केल्यावर ती बिचारी तुमच्या हातातून जाते. सहसा त्याने जीव जात नाही, पण चार्जर जुनाट किंवा बनावट निघाला आणि पाय ओल्या फरशीवर असले तर 'सहसा' या शब्दावर फार भार येतो. अनुभवी मंडळी पायात रबरी चप्पल घालतात. घराचं अर्थिंग तपासायला वायरमनला बोलावणं हे भित्र्यांचं काम.

लाईन गेली तर उठायचं नाही. लॅपटॉपला बॅटरी आहे, तुम्हाला पाठ आहे; दोन्ही संपेपर्यंत बसा.

पायरी ७ : ऑनलाइन केंद्र चालवणाऱ्यांसाठी प्रगत अभ्यासक्रम

ज्यांना दिवाणावरची साधना कमी वाटते त्यांनी चौकात एक गाळा घ्यावा आणि फॉर्म भरून द्यायचं केंद्र उघडावं. समग्र आयडी, ई-केवायसी, खसऱ्याची नक्कल, परीक्षेचे अर्ज. २०२३ च्या मार्चमध्ये लाडली बहना योजना आली तेव्हा अशा केंद्रांसमोर बायांच्या रांगा लागल्या होत्या. त्या दिवसांत ज्यांच्या माना गेल्या ते आज या क्षेत्रातले गुरू आहेत.

मांडणी अशी. काउंटर छातीइतका उंच ठेवा, कारण तो गिऱ्हाइकासाठी आहे. तुम्हाला प्लास्टिकची खुर्ची. तिचा एक पाय वाकलेला असला तर उत्तम. लॅपटॉप काउंटरवर, म्हणून खांदे कानाशी. उजव्या बाजूला अंगठ्याचं यंत्र, डाव्या बाजूला प्रिंटर, मागे झेरॉक्स. मधोमध तुम्ही. गिऱ्हाईक म्हणतं, 'भाऊ, नाव बरोबर टाकलं काय, दाखवा ना.' तुम्ही पडदा त्याच्याकडे वळवता, पण कीबोर्ड पडद्याला जोडलेला असल्यामुळे तोही त्याच्याकडे वळतो. आता शरीर समोर, मान डावीकडे, हात उजवीकडे, अशा अवस्थेत 'गुलाबराव' मधला 'ब' दुरुस्त करा. मागून दुसरा आधार कार्ड खांद्यावरून पुढे करतो. तिसरा फोनवर ओटीपी विचारतो आहे. फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून धरा; त्याने मानेच्या दुसऱ्या बाजूलाही न्याय मिळतो. सर्व्हर डाऊन असेल तेव्हा पाठ मोकळी करायची चांगली संधी असते. ती साधू नका. पडद्यावरचं फिरणारं चक्र पाहत त्याच अवस्थेत थांबा, न जाणो मध्येच चालू झालं तर.

बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने धंद्यांतल्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि १७१३ च्या आवृत्तीत लेखनिक-कारकुनांचं प्रकरण त्यात घातलं. त्यांच्या दुखण्याची कारणं त्याने तीन दिली : सतत बसणं, हाताची एकाच दिशेने होणारी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. तीनशे वर्षांत यात आपण चौथं कारण म्हणून ओटीपीची भर घातली, बाकी मजकूर तसाच ठेवला.

आपल्या जुन्या अडतीच्या गादीवरचे मुनीमजी या बाबतीत अगदीच मागासलेले. उतरत्या झाकणाची लाकडी पेटी समोर, तिच्यावर वही, पाठीला लोड. वही तिरपी असल्यामुळे मान कमी वाकायची. दर थोड्या वेळाने माल बघायला, काटा बघायला, पानाची पिंक टाकायला उठायचे. अशाने कधी प्रगती होते का? त्या पेट्या आता हॉटेलांत शोभेला ठेवतात, आणि हिशेब प्लास्टिकच्या खुर्चीत बसून करतात.

पायरी ८ : मनगट

सरकारी नोकरीसाठी सीपीसीटी ही कॉम्प्युटर-टायपिंगची परीक्षा द्यायची असेल तर इंग्रजीत मिनिटाला ३० आणि हिंदीत २० शब्दांचा वेग लागतो. घरात मराठी, परीक्षेला हिंदी, कीबोर्डवर अक्षरं इंग्रजी. बोटांची अशी तिहेरी परीक्षा राज्याच्या या टोकालाच जास्त. सरावाला बसताना दोन्ही मनगटं लॅपटॉपच्या पुढच्या धारदार कडेवर दाबून ठेवा आणि तळवे वर मुडपून फक्त बोटं नाचवा. मनगटातून बोटांकडे जाणारी नस एका अरुंद बोळातून जाते. बोळ दाबला की अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांना मुंग्या येतात. रात्री झोपेतून हात झटकत उठलात की सराव योग्य दिशेने चालला आहे असं समजा. वेग मात्र याने कमी होतो, त्याला इलाज नाही.

पायरी ९ : डोळे

दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावं, असं नेत्रतज्ज्ञ सांगतात. त्यांनी आपल्या गल्ल्या पाहिलेल्या नाहीत. खिडकीतून सहा फुटांवर शेजाऱ्यांची भिंत लागते, आणि तिथे २० सेकंद टक लावून पाहिलं तर वेगळा गैरसमज होतो. तेव्हा पडदाच बघा. माणूस एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो; पडद्यासमोर हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येतं. डोळे कोरडे पडतात, खुपतात, लाल होतात. आई म्हणेल, रडला काय रे? सध्याच्या पगारात होकार दिला तरी खोटं ठरत नाही.

रात्री दिवे मालवून पडद्याचा प्रकाश पूर्ण ठेवा. घरचे झोपलेले असतात, त्यांचा विचार करायलाच हवा.

पायरी १० : उपचार

मान धरली की पहिल्या दिवशी बाम. दुसऱ्या दिवशी जास्त बाम. तिसऱ्या दिवशी सलून. दाढी झाल्यावर कारागीर 'चंपी करू काय भाऊ' असं विचारतो. हो म्हणा. डोक्यावर टपटप झाल्यावर तो हनुवटी एका हातात आणि टाळू दुसऱ्या हातात धरेल आणि बेसावध क्षणी मान फटकन वळवेल. कड्‌कन आवाज होईल. बाकावर नंबर लावून बसलेले समाधानाने माना डोलावतील. असा झटका बसून मानेतल्या रक्तवाहिनीचा आतला थर फाटल्याची आणि त्यातून पक्षाघात झाल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवून ठेवली आहेत. ती दुर्मीळ आहेत, म्हणून दाढीच्या दरातच हे मिळतं.

एवढ्यानेही भागलं नाही तर आपल्या भागाचा अंतिम उपाय आहेच : नागपूरला नेणे. तिथे एमआरआय होतो, गळ्यात पट्टा मिळतो, आणि डॉक्टर 'काम काय करता?' असं विचारतात. 'बसून असतो' असं उत्तर द्यायची प्रथा आहे.

हातात बधिरपणा उतरत असेल, पकड सैल होऊन कप सुटत असेल, चालताना पाय अडखळत असतील तर बाम, सलून, हे मार्गदर्शन सगळं सोडून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एवढं एक वाक्य गंभीरपणे लिहिलं आहे.

काही घातक चुका

आमच्या कानावर येतं की काही पोरं वाट सोडून वागतात. घरच्या संत्र्याचं रिकामं कॅरेट टेबलावर उपडं घालतात, त्यावर लॅपटॉप ठेवतात. उंची जास्त झाली तर कॅरेट काढून बारावीची जुनी पुस्तकं रचतात, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईपर्यंत. पडदा हातभर लांब ठेवतात. कीबोर्ड आणि माउस वेगळे आणून खाली घेतात, त्यामुळे कोपर अंगाशी आणि काटकोनात राहतो. पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली पाट सरकवतात. कमरेमागे टॉवेलची गुंडाळी. फोन आला की उठून अंगणात फेऱ्या मारत बोलतात. यांच्या माना दुखत नाहीत, त्यामुळे चार लोकांत बसल्यावर यांना बोलायला विषयच उरत नाही.

त्यांचं पाहून घरातल्यांनी तुम्हालाही सुधारायचा प्रयत्न केला तर गोटमारीचा इतिहास आठवा. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू वाटून पाहिले होते. लोकांनी शेवटी दगडच उचलले.

आणखी एक धोक्याची सूचना. यूएसबीचा वायरवाला कीबोर्ड आणि माउस यांची जोडी दुकानात हजार रुपयांच्या आत मिळते. घेऊ नका.